गिटार ठेवून कॅमेऱ्यामागे जायचंय? मग आधी गाणं म्यूट करा

दहाबारा वर्षं बँडमध्ये काढली की एक दिवस डोक्यात येतंच, की आपल्या गाण्याचा व्हिडिओ आपणच केला असता तर बरं झालं असतं. कारण जो डायरेक्टर आला होता त्याने धुराचं मशीन लावलं, पावसात एक मुलगी पळवली, आणि गिटारचा सोलो चालू असताना कॅमेरा बेसवाल्यावर. माझी सुरुवात अशीच झाली, फक्त मी बेस वाजवायचो त्यामुळे त्या शॉटबद्दल माझी काही तक्रार नव्हती, बाकीच्या तिघांची होती. मग पुढचा व्हिडिओ मी केला, मग ओळखीच्या बँडचे केले, मग अनोळखी लोक विचारायला लागले, मध्ये दोन शॉर्टफिल्म झाल्या, त्यातली पहिली कुणाला दाखवत नाही. जे जे आपटून आपटून कळलं ते इथे लिहितोय, कुणाचा तरी वेळ वाचेल.

आधी एक गंमत सांगतो. हा रस्ता चाललेले लोक बघा. टेन सीसी या ब्रिटिश बँडमधून १९७६ ला बाहेर पडलेले केव्हिन गॉडली आणि लॉल क्रीम, ज्यांनी पुढे ऐंशीच्या दशकात ड्युरान ड्युरान, पोलिस, हर्बी हॅनकॉक अशा सगळ्यांचे व्हिडिओ केले, त्यातला गॉडली ड्रमर. मिशेल गोंद्री वी वी नावाच्या फ्रेंच बँडचा ड्रमर, बँडचे व्हिडिओ स्वतः करायचा, त्यातला एक ब्यॉर्क या गायिकेने बघितला आणि तिने १९९३ मध्ये त्याला काम दिलं, पुढे तो सिनेमात गेला. योनास ऑकरलुंड बाथरी या स्वीडिश मेटल बँडच्या अगदी सुरुवातीचा ड्रमर. डेव्ह ग्रोल निर्व्हानाचा ड्रमर. स्लिपनॉटचा शॉन क्राहन, तोही पर्कशनवाला. आता रॉब झोंबी आणि फ्रेड डर्स्ट गायक आहेत, डेव्हिड बर्नही, म्हणजे नियम वगैरे नाही हा, पण माझं मत असं की ड्रमर मागे बसतो, सगळा बँड त्याला पाठमोरा दिसतो, आणि तो सतत मोजत असतो. डायरेक्टरचं अर्धं काम तेच आहे. गिटारवाल्यांनी चिडू नका, तुम्हाला मोजायला शिकता येतं.

आता मुद्द्याचं. म्युझिशियन म्हणून तुमच्याकडे ताल आहे, स्टेजवर उभं राहायची सवय आहे, बँड कधी थकतो कधी चिडतो हे कळतं. नाही काय, तर गाण्याशिवाय उभं राहायची सवय. व्हिडिओत गाणं तुम्हाला उचलून धरतं, शॉट बंडल असला तरी कोरस आला की बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो आणि तुम्हाला वाटतं शॉटमुळे आला. फिल्ममध्ये हा आधार काढून घेतात आणि मग कळतं आपल्याला काय येतं. म्हणून खालचं सगळं वाचताना ही एकच गोष्ट डोक्यात ठेवा, की आत्ता हे काम मी करतोय का गाणं करतंय.

पहिला अभ्यास फुकटातला आहे. तुम्हाला आवडणारे तीन व्हिडिओ घ्या, आवाज बंद करा आणि पूर्ण बघा. दोन तर बहुतेक मरतातच, नुसते लोक तोंड हलवताना दिसतात. जो तिसरा आवाजाशिवायही धरून ठेवतो त्याचे शॉट कागदावर लिहून काढा, कुठला शॉट किती सेकंद, कॅमेरा हलला का माणूस हलला, कट कशावर बसलाय. हे कंटाळवाणं आहे पण दुसऱ्याचा सोलो कानाने उतरवून काढायचो ना आपण, तेच आहे हे. मी एका व्हिडिओचे दीडशेच्या वर शॉट लिहिले आणि मग लक्षात आलं की मला जे सुपरफास्ट वाटत होतं त्यात मध्येच एक शॉट नऊ सेकंद थांबलेला होता, आणि तोच लक्षात राहिला होता.

मग स्वतःच्या गाण्याचा नकाशा काढायचा. चौकटीचा कागद घ्या किंवा स्प्रेडशीट, आडवे बार (म्हणजे बीटचे समान गट), उभी वाद्यं आणि शब्द, आणि खाली एक ओळ चित्रासाठी रिकामी. गोंद्रीने केमिकल ब्रदर्ससाठी २००२ मध्ये जो ट्रेनच्या खिडकीचा व्हिडिओ केला त्यात बाहेर दिसणारे खांब, इमारती, सगळं गाण्यातल्या आवाजांबरोबर येतं जातं, बघताना आधी नुसता प्रवास वाटतो आणि मग एकदम टाळक्यात प्रकाश पडतो. इतकं टोकाचं करायची गरज नाही पण कुठल्या आवाजाला चित्र द्यायचं आणि कुठल्याला नाही हे आधी ठरवा. नवीन माणूस स्नेअर ड्रमच्या प्रत्येक फटक्यावर कट मारतो, मीही मारले, वीस सेकंदांत डोळे थकतात आणि मग खरी जागा आली तरी कटला काही किंमत उरत नाही. आठ बारमध्ये एक कल्पना पुरे. दुसऱ्या कोरससाठी काहीतरी राखून ठेवा, कारण पहिल्यातच सगळं दाखवलं की तिसऱ्या मिनिटाला तुमच्याकडे नुसतं हेडबँगिंग उरतं.

थोडं गणित, पळू नका. एडिटची टाइमलाइन सेकंदाला २४ फ्रेमची असेल तर १४४० ला गाण्याच्या बीपीएमने (मिनिटाला किती बीट) भागा, एका बीटला किती फ्रेम ते मिळतं. १२० बीपीएमला बरोबर १२, ९० ला १६. २५ फ्रेमला १५०० ला भागायचं, तिथे १२० च्या गाण्याला साडेबारा येतात आणि अर्धी फ्रेम कापता येत नाही, त्यामुळे फ्रेम मोजत पुढे जाऊ नका, वेव्हफॉर्मवर, म्हणजे आवाजाच्या लाटांच्या चित्रावर, मार्कर टाका. आणि कट अगदी बीटवर ठेवण्याऐवजी एखादी फ्रेम आधी ठेवून बघा, बऱ्याचदा तोच बरोबर वाटतो. का ते मला विचारू नका, ड्रमरला विचारा, तो पण कधीकधी बीटच्या किंचित पुढे वाजवतो आणि गाणं धावतं.

गाण्याची लांबी आणि टेम्पो फायनल झाल्याशिवाय शूट करायचं नाही. हे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा. मिक्स बदलला तर चालतो, पण कुणीतरी येऊन म्हणतो ब्रिज चार बारने कमी केला, टेम्पो दोनने वाढवला, संपलं, सगळा लिपसिंक, म्हणजे ओठांचा गाण्याशी मेळ, कचऱ्यात. आमच्या बाबतीत हे झालंय आणि ज्याने टेम्पो वाढवला तो मीच होतो.

प्लेबॅकचं, म्हणजे शूटच्या वेळी सेटवर वाजवतो त्या गाण्याचं, बोलू कारण इथे म्युझिशियन माणसाचा खरा फायदा होतो. स्लो मोशनमध्ये गाणारा माणूस हवा असेल, म्हणजे केस हळू उडतायत पण ओठ गाण्याबरोबर, तर कॅमेरा ४८ फ्रेमवर आणि सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, मग २४ वर आणलं की ओठ जुळतात. ३६ वर शूट केलं तर गाणं दीडपट. उलटही करता येतं, १२ फ्रेमवर कॅमेरा, गाणं अर्ध्या वेगाने, गायक कष्टाने हळूहळू गातो आणि नंतर तो नॉर्मल दिसतो पण मागचं जग पळतं. ही वेगवेगळी व्हर्जन घरूनच करून न्या, प्रत्येकाच्या आधी दोन बार क्लिक टाका म्हणजे सगळे एकत्र सुरू होतील. दुप्पट वेगाला गायकाची जीभ अडखळते, त्याला आदल्या दिवशी प्रॅक्टिस करायला लावा. आणि १५० बीपीएमचं गाणं दुप्पट केलं की ३०० होतं, ड्रमरला तुम्ही हे सांगितलंत तर तो काठी फेकून मारेल, त्याला ३६ वर शूट करा.

हे सगळं टोकाला नेलं तर काय होतं हे बघायचं असेल तर ओके गो चा गायक डेमियन कुलाशने २०१६ मध्ये बँडचा एक व्हिडिओ केला, त्यात मुख्य भाग खऱ्या वेळेत सव्वाचार सेकंदांच्या आतबाहेर घडतो आणि स्लो करून पूर्ण गाणं व्यापतो. सेटवर सुचून असलं काही होत नसतं, सगळं आधी मोजलेलं. पुढे हाच माणूस फीचर फिल्मपर्यंत गेला, २०२३ मध्ये, क्रिस्टिन गोरबरोबर मिळून.

अजून बारीकसारीक. गायकाला खरंच जोरात गायला लावा, नुसते ओठ हलवले की गळ्याच्या शिरा मेलेल्या दिसतात. ड्रमरने खरंच मारायचं पण सिम्बलच्या आवाजात प्लेबॅक बुडतो, म्हणून त्याच्या कानात इन-इअर, किकमध्ये उशी. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक चालू ठेवा, आवाज घाण येईल पण एडिटला सिंक करायला तोच लागतो. लाइट फ्लिकर होतो का ते आधी बघा, जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे शटर १/५०, ६० ची असेल तर १/६०, आणि स्टेजचे एलईडी डिम केल्यावर काय करतील याचा भरवसा नाही, एक टेस्ट क्लिप काढून मोठ्या स्क्रीनवर बघा. कुठला कॅमेरा घेऊ हा प्रश्न मला लोक सगळ्यात जास्त विचारतात आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा तोच आहे, भाड्याने घ्या जो तुमच्या डीओपीला, म्हणजे मुख्य कॅमेरामनला, येतो तो.

चार मिनिटांचं गाणं म्हणजे टेक चार मिनिटांचा असं समजून शेड्यूल केलंत तर मेलात. घाम पुसणे, ट्यूनिंग नसली तरी ट्यूनिंग करणे (गिटार प्लगमध्येसुद्धा नाही, तरी करतात), लाइट हलवणे, एका टेकला पंधरा मिनिटं धरा. प्रत्येक मेंबरचा निदान एक पूर्ण पास घ्या, पहिल्या बारपासून शेवटपर्यंत, त्यात एडिटला जीव असतो आणि बँडमध्ये शांतताही राहते, कारण व्हिडिओ आला की प्रत्येक जण फक्त स्वतःला मोजतो.

आणि स्वतःच्या बँडचा व्हिडिओ करत असाल आणि त्यात वाजवतही असाल तर मॉनिटरसमोर असा माणूस बसवा जो तुम्हाला "परत घे" म्हणायला घाबरत नाही. मित्र नको. माझा पहिला व्हिडिओ बघा, मी प्रत्येक शॉटमध्ये कॅमेरा नीट चाललाय ना हे बघतोय, वाजवत कुणीच नाहीये.

सेटवर अजून एक गोची होते. बँडमध्ये आपण सगळं बोलून, भांडून, जॅम करून ठरवतो. सेटवर वीस माणसं उभी असतात आणि घड्याळ चालू असतं, तिथे जॅम केला की दुपारपर्यंत दोन शॉट. फर्स्ट एडी नावाचा प्राणी असतो, वेळ सांभाळणारा, सुरुवातीला तो खडूस वाटतो, त्याचं ऐका. डीओपीला लेन्स सांगू नका, काय वाटलं पाहिजे ते सांगा, जसं साउंड इंजिनिअरला आपण "जरा गरम कर" म्हणतो आणि तो बरोबर नॉब फिरवतो तसं. बीटल्सनी १९६७ मध्ये टीव्हीसाठी स्वतःची फिल्म केली तेव्हा स्क्रिप्टच्या जागी एका वर्तुळाचे भाग पाडून त्यात काय काय होणार ते लिहिलं होतं, आणि २६ डिसेंबरला बीबीसीने ती रंगीत फिल्म ब्लॅक अँड व्हाइटमध्ये दाखवली. धुलाई झाली. बीटल्स असून झाली. तर कॉलशीट करा (कुणी कधी कुठे यायचं तो कागद), शॉटलिस्ट करा, आणि एडिट झाल्यावर फोनवर, उन्हात, स्वस्त इअरफोन लावून बघा, लोक तसंच बघणार आहेत.

दुसऱ्या बँडचं काम यायला लागलं की ट्रीटमेंट लिहायला शिकावं लागतं. दोनतीन पानं, कल्पना, रेफरन्स फोटो, कुठे काय घडतं, आणि हे बहुतेक वेळा फुकट लिहायचं असतं कारण तेच गाणं अजून चार डायरेक्टरना पाठवलेलं असतं. इथे तुमचा हुकमी पत्ता म्हणजे गाण्याबद्दल बोलणं. बाकीचे लिहितील "एनर्जेटिक व्हिज्युअल्स", तुम्ही लिहा की दुसऱ्या व्हर्समध्ये बेस थांबतो तिथे मला खोली रिकामी करायचीय. बँडला लगेच कळतं की याने ऐकलंय. पैशाचं आधी बोला, किती वेळा एडिट बदलून देणार हा आकडा करारात टाका, नाहीतर ड्रमरच्या मावसभावाचं मत येईपर्यंत तुम्ही बदलत बसाल. एकूण बजेटच्या दहा टक्के बाजूला ठेवा आणि कुणाला सांगू नका.

हक्कांचं एक महत्त्वाचं, कारण म्युझिशियन लोकच यात फसतात. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, एक रचनेचा म्हणजे शब्द आणि चाल, आणि एक त्या रेकॉर्डिंगचा. चित्राबरोबर गाणं वापरायला दोन्हीची परवानगी लागते. म्हणजे तुमचंच गाणं, तुम्हीच लिहिलं, तुम्हीच वाजवलं, पण रेकॉर्डिंग लेबलच्या मालकीचं असेल तर स्वतःच्या शॉर्टफिल्ममध्ये ते टाकायला लेबलला विचारावं लागतं. जुना करार काढा आणि वाचा, सही करताना वाचला नव्हता हे मला माहितीये.

आता फिल्म. इथे मला जास्त बोलायचंय.

सोपा पूल हवा असेल तर डॉक्युमेंटरी. ग्रोलने २०१३ मध्ये एका बंद झालेल्या स्टुडिओवर डॉक्युमेंटरी केली, त्या स्टुडिओचा जुना नीव्ह कन्सोल, म्हणजे मिक्सिंगचं मोठं टेबल, त्याने स्वतः विकत घेतला होता, त्यामुळे त्याच्याकडे विषयही होता आणि वस्तूही. म्युझिशियन समोर म्युझिशियन बसला की माणसं मोकळी बोलतात, पत्रकाराला जे सांगत नाहीत ते सांगतात. तुमच्या ओळखीत असा कुणीतरी असेलच, अँप दुरुस्त करणारा, टूरचा ड्रायव्हर, चाळीस वर्षं लग्नात वाजवणारा. त्याच्याकडे जा.

पण गोष्ट सांगायचीच असेल तर पहिली शॉर्टफिल्म आठदहा मिनिटांची, दोन माणसं, एक खोली, आणि संगीत अजिबात नाही. शेवटी टायटललाही नाही. मी सांगितलं ना माझी पहिली कुणाला दाखवत नाही, त्यात बारा मिनिटांत साडेनऊ मिनिटं म्युझिक आहे, सगळं मीच वाजवलेलं. जिथे सीन लंगडा होता तिथे मी पॅड, म्हणजे कीबोर्डचा लांबवलेला सूर, लावला, जिथे नटाला काय करायचं कळलं नव्हतं तिथे गिटार. एका एडिटर बाईंनी ती बघितली, काही न बोलता म्युझिकचे ट्रॅक म्यूट केले आणि परत लावली. बारा मिनिटं मी जमिनीकडे बघत होतो.

संगीत नसलं की तुम्हाला बाकीचे आवाज ऐकू यायला लागतात, आणि कान तर आपले तयारच असतात. पंखा, खुर्ची, माणूस बोलण्याआधी घेतो तो श्वास. प्रत्येक लोकेशनवर निघताना सगळ्यांना गप्प करून तीस सेकंद नुसत्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करा, एडिटमध्ये दोन वाक्यांमधली भोकं बुजवायला तो लागतो, तो नसेल तर प्रत्येक कटला कान टोचतो. बूमवाल्याला, म्हणजे लांब काठीवर माइक धरणाऱ्याला, चांगले पैसे द्या, चित्र थोडं डार्क आलं तर लोक स्टाइल समजतात, संवाद ऐकू आला नाही तर उठून जातात.

नटांशी बोलणं ही आपली सगळ्यात कच्ची बाजू. आपल्याला सवय अशी की नोट चुकली तर वाजवून दाखवायची. नटाला वाक्य म्हणून दाखवलं की तो तुमची नक्कल करतो आणि तुम्हाला तर ॲक्टिंग येत नाही. "जरा जास्त दुःखी हो" हेही निरुपयोगी. क्रियापद द्या, त्याला थांबव, तिच्याकडून कबूल करून घे, विषय टाळ. एखादी ॲक्टिंगची कार्यशाळा स्वतः करा, डायरेक्टर म्हणून नाही, नट म्हणून, लोकांसमोर उभं राहून रडायला लावलं की कळतं आपण समोरच्याकडून काय मागतो ते. स्टेजवर हजार माणसांसमोर वाजवलेल्या माझ्यासारख्याला तिथे हातांचं काय करायचं कळेना, कारण हातात बेस नव्हता.

लांबीबद्दल. बॉब डिलनने १९७८ मध्ये स्वतः केलेली फिल्म जवळजवळ चार तासांची होती, समीक्षकांनी झोडली, मग दोन तासांची आवृत्ती काढावी लागली. आपण डिलन नाही, आपल्याला दुसरी आवृत्ती कुणी काढू देत नाही. एडिटर असा शोधा ज्याला तुमचा बँड आवडत नाही. आणि धीर ठेवा, रॉब झोंबीने पहिली फिल्म २००० मध्ये शूट केली, स्टुडिओने ती सोडून दिली, आणि ती थिएटरला लागली २००३ मध्ये, तीन वर्षं, आणि तोवर तो पठ्ठ्या आधीच नाव असलेला होता, स्वतःचे व्हिडिओ वर्षानुवर्षं करत आलेला होता. तुमच्या नावाची भीती वाटत असेल, की लोक म्हणतील हा तर गाणारा, हा कशाला, तर नील यंग स्वतःच्या फिल्म बर्नार्ड शेकी नावाने करतो. सगळ्यांना माहितीये कोण आहे ते, तरी करतो. मला हे फार आवडतं.

बँड सोडायचा का, असंही विचारतात. लगेच नको. गिगचे पैसे शॉर्टफिल्मला लागतात, आणि बँडमधले लोक फुकटात लाइट धरतात.

दुसऱ्या फिल्मला संगीत चालेल, पण एडिट लॉक झाल्यावर, म्हणजे आता एकही कट हलणार नाही असं ठरल्यावर. एडिट करताना तात्पुरतं म्हणून एखादं गाणं खाली टाकलंत की महिन्याभरात त्याच्यावर जीव जडतो आणि मग दुसरं काही बसत नाही. शिवाय संगीत दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. हे जड जातं, पण तुम्ही केलंत तर परत पॅड लावाल. त्या माणसाला एडिट दाखवा, सीनमध्ये काय चाललंय ते सांगा आणि गप्प बसा. आणि रेफरन्स म्हणून त्याला स्वतःच्या बँडचं गाणं पाठवू नका.